फेब्रुवारीअखेरची गारपीट: द्राक्षाच्या घडात १६ ब्रिक्स, कांदा ६९ दिवसांचा, आता आधी काय?

गोदाकाठ (दिंडोरी तालुका) विचारतात:

काल २७ तारखेला दुपारी साडेचारला गारा झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, नंतर सुपारीएवढ्या. आठ-दहा मिनिटं, पश्चिमेच्या वाऱ्यासह, आणि मागोमाग अर्धा तास पाऊस. आज ढगाळ आहे, पाऊस नाही.

शेतातली स्थिती अशी. थॉम्पसन जातीची द्राक्षं २ एकर, वाय पद्धत (वेली Y आकाराच्या सांगाड्यावर), अंतर ९ बाय ५ फूट. छाटणी २५ ऑक्टोबरची, म्हणजे १२५ दिवस झाले. गारांच्या आदल्या दिवशी साखर १६ ब्रिक्स (मण्यातल्या रसाच्या गोडीचं माप) होती. वरची पानं चिरली आहेत, पश्चिमेकडच्या ओळींत जास्त. उन्हाळी कांदा १ एकर, लागवड २० डिसेंबरची, निम्म्याहून जास्त पाती मोडल्या. गहू अर्धा एकर, दाणा चिकात, पूर्ण लोळला. हरभरा सोंगून वावरात ढीग लावले होते, ते भिजले.

दुकानदार दोन बुरशीनाशकं आणि टॉनिक एकत्र करून आजच फवारा म्हणतो. गावात काही जण म्हणतात, पंचनामा होईपर्यंत बागेला हातच लावू नका. पण फुटलेले मणी घडात ठेवले तर सगळा घड सडेल. पाणी बंद करायचं की द्यायचं? कांदा ठेवायचा की मोडायचा? आणि अजून गारा येणार आहेत का? क्रमाने सांगावं.

---

मोरचूद यांचं उत्तर:

भाऊ, आज फवारणी नको. क्रम असा ठेवा: फोटो, हवा, कैची (खराब मणी कापणं) आणि सगळ्यात शेवटी फवारा. फुटलेल्या मण्यातून रस गळत असताना वरून पाणी मारलं की तोच रस खालच्या चांगल्या मण्यांवर पसरतो आणि घडाच्या पोटात ओल राहते. कुजीला तेवढंच हवं असतं. बुरशीनाशकाने फुटलेली साल सांधत नाही.

बागेत शिरण्याआधी एक गोष्ट नक्की करा. आजूबाजूला विजेची तार तुटून मांडवाच्या किंवा वायच्या तारेवर पडलेली नाही ना, हे बांधावरून पाहून घ्या. एका टोकाला तार टेकली तरी प्रवाह पूर्ण ओळीभर जातो. तार पडलेली दिसली तर १९१२ वर कळवा आणि लाइनमन येऊन पुरवठा बंद करेपर्यंत मजूर आत पाठवू नका.

आता हवा. ब्लोअरची टाकी रिकामी ठेवा, पाण्याचे नोझल बंद करा आणि फक्त पंखा चालवत ओळीओळीतून जा. घडातलं आणि पानांवरचं पाणी झडतं. १५ ब्रिक्सच्या पुढे गेलेला मणी सालीतून आणि मुळांतून असं दोन्हीकडून पाणी ओढतो, म्हणून गार न लागलेला मणीही देठाजवळ तडकतो. ढग असेपर्यंत सकाळ-संध्याकाळ हे करा.

मग मोजणी. कैची लावायच्या आधी नागमोडी चालत २० झाडं निवडा आणि प्रत्येकावरचे दोन घड बघा, एक पश्चिमेच्या बाजूचा, एक आतला. दर घडाला किती मणी लागले आहेत ते लिहा. लागलेल्या मण्याचे तीन प्रकार असतात. पहिला सरळ फुटलेला, तो कोणालाही दिसतो. दुसरा फसवा. साल शाबूत असते, पण मणी उजेडाकडे धरला की आत पाणी भरल्यासारखा काचेरी डाग दिसतो. हा मणी तिसऱ्या दिवशी तपकिरी होतो आणि बोटाने दाबला की साल गरावरून सरकते. तिसऱ्यात मार मण्याला नसतो, देठाला असतो. तो मणी आठवड्याने सुकून सुरकुततो. म्हणून कैची एकदा लावून भागत नाही. पहिली फेरी उद्या-परवा फुटलेल्या मण्यांसाठी, दुसरी चौथ्या-पाचव्या दिवशी तपकिरी झालेल्यांसाठी.

कैची परवडते का, याचा हिशेब मांडूनच मजूर सांगा. तुमच्या अंतराने एकरी ९६८ झाडं बसतात. झाडाला ३० घड धरले तर एकरी साधारण २९ हजार घड. घडाला दोन मिनिटं लागली तर एका फेरीला सुमारे ९७० तास, म्हणजे आठ तासांचे १२० मजूर. तेव्हा सगळ्या बागेला सरसकट कैची लावू नका. घडातले दहाएक टक्के मणी लागले असतील तिथे कैची फायद्याची. एक तृतीयांशाहून जास्त लागले असतील तर तो घड मणी काढून सुधारत नाही, विस्कटतो. तो पूर्ण काढून टाकलेला बरा, म्हणजे झाडाची ताकद उरलेल्या घडांना जाते. मधल्या घडांचं बाजारभाव आणि मजुरी बघून ठरवा.

कापलेले मणी आणि घड ओळीत टाकू नका. दोन दिवसांत आंबूस वास सुटतो, बारीक फळमाश्या जमतात आणि त्याच चांगल्या घडांवर कूज नेतात. बागेबाहेर खड्डा घ्या, थरावर चुना टाका आणि माती लोटा. कैची पाचेक झाडांनंतर फडक्याने पुसून घ्या, कारण पात्यावरचा चिकट रस पुढच्या घडाला लागतो.

पाणी: भारी काळ्या जमिनीत चार-पाच दिवस बंद, मुरमाड हलक्या जमिनीत दोन दिवस. त्यानंतर थोडं थोडं, रोजच्या गरजेच्या निम्म्यापासून सुरू करा. खूप दिवस ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं की मणी पुन्हा तडकतात, आणि दोष मात्र गारांना दिला जातो.

फवारणी आता. काढणी १५-२० दिवसांवर आहे. हातातल्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी (फवारणी ते काढणी यात ठेवायचे दिवस) त्याहून जास्त असेल तर ते बाद. निर्यातीचा माल असेल तर अ‍ॅनेक्श्चर-५ च्या (द्राक्षनिर्यातीसाठी शिफारस केलेल्या औषधांच्या) यादीबाहेरचं काहीच नको. पहिली कैची झाल्यावर, घड कोरडे असताना, बॅसिलस सबटिलिस किंवा ट्रायकोडर्मा यांपैकी एक जैविक औषध लेबलवरच्या मात्रेने संध्याकाळी घ्या. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) आत्ता नको, मण्यावर निळसर डाग राहतो आणि माल पडतो. दोन बुरशीनाशकं आणि टॉनिक यांच्या मिश्रणाने जखम भरत नाही, अवशेष मात्र वाढतात. दुकानदाराला नाही म्हणा.

शेवटचं राहतं ते ऊन. पाऊस उघडल्यावर फाटलेल्या छतातून ऊन थेट घडावर येतं. सावलीत वाढलेला मणी दोन दिवसांत भाजतो किंवा गुलाबी पडतो. पश्चिमेच्या ओळींवर जुन्या साड्या किंवा शेडनेट बांधा. घडांना कागद लावायचा असेल तर आतला घड पूर्ण कोरडा झाल्यावरच. ओल्या घडावर कागद म्हणजे वाफ कोंडणं.

---

सातबारा यांचं उत्तर:

"पंचनामा होईपर्यंत हात लावू नका" हा सल्ला अर्धवट आहे. पुरावा राखायचा असतो, त्यासाठी पूर्ण बाग सडवायची गरज नाही.

आजच हे करा. जीपीएस कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधून फोटो काढा, म्हणजे ठिकाण, तारीख आणि वेळ फोटोतच उमटते. एक फोटो बांधावरून पूर्ण गटाचा, एक ओळीचा आणि चार-पाच घडांचे जवळून. घडाशेजारी नाणं किंवा मोजपट्टी धरा. सावलीत अजून गारा उरल्या असतील तर त्याही नाण्याशेजारी ठेवून टिपा. कांदा, गहू, हरभऱ्याचं तसंच. मग बागेतल्या दोन ओळी, एक पश्चिमेची आणि एक मधली, न छाटता तशाच सोडा आणि त्यांना फडकं बांधून खूण करा. बाकीच्या बागेत आजपासून काम सुरू करा. अर्जात हे स्पष्ट लिहा: "रोग पसरू नये म्हणून खराब घड काढत आहे, पाहणीसाठी ओळ क्रमांक अमुक व तमुक राखून ठेवल्या आहेत."

अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि कृषी सहायक म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी, दोघांनाही. पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत यांचे कर्मचारी मिळून करतात. तिथे हजर राहा आणि तीनच गोष्टी तपासा: गट क्रमांक, पिकाचं नाव, नुकसानीची टक्केवारी. आपत्ती निधीतून मदत मिळायला नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळपिकाला २२,५००, आणि मर्यादा २ हेक्टर. राज्य सरकार अधूनमधून ही रक्कम आणि मर्यादा वाढवतं, म्हणून त्या घटनेसाठी निघालेला शासन निर्णयच वाचावा. गोठ्यात जनावर दगावलं असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. त्या दाखल्याशिवाय पुढे काही सरकत नाही.

रब्बीची ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) झालेली नसेल तर नुकसान खरं असूनही सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही. द्राक्ष बहुवार्षिक आहे म्हणून नोंद आपोआप राहील असं धरून चालू नका. मदत जाहीर झाली की यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक येतो. आधार प्रमाणीकरण मागितलं असेल तर तो घेऊन सेवा केंद्रात ते करून घ्या, मग पैसे बँकेत जमा होतात. आधारला जोडलेलं खातं चालू आहे का, हे आत्ताच बघून घ्या.

विमा हे वेगळं खातं आहे. पंचनाम्याचा अर्ज म्हणजे विम्याची सूचना नव्हे. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

द्राक्षाचा विमा हवामान आधारित फळपीक योजनेत असतो. त्यात पाऊस आणि तापमान यांची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते, त्यासाठी तुम्ही कळवायचं नसतं. गारपीट मात्र केंद्राच्या यंत्रावर मोजली जात नाही. ते संरक्षण ऐच्छिक आहे, त्याचा जादा हप्ता भरलेला असावा लागतो, आणि तो भरला असेल तर ७२ तासांच्या आत सूचना द्यावीच लागते. १४४४७ वर किंवा पीक विम्याच्या अ‍ॅपवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. गारा काल साडेचारला पडल्या, म्हणजे २ मार्चच्या दुपारी साडेचारला मुदत संपते. पावती काढून आजच बघा, गारपिटीचा हप्ता त्यावर वेगळा दाखवलेला असतो.

कांदा, गहू, हरभरा पंतप्रधान पीक विम्यात. पूर्वी यातही ७२ तासांत कळवलं की वैयक्तिक नुकसानीची पाहणी होत असे, आणि सोंगून वावरात पडलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत संरक्षण असे. राज्यात २०२५ च्या खरिपापासून योजना बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर आली. तेव्हा त्या तिन्ही पिकांसाठी मंडळाचं सरासरी उत्पादन किती निघतं, हे महत्त्वाचं. गावात कापणी प्रयोगाचा प्लॉट कुठे निवडला आहे आणि तो कधी कापणार, हे कृषी सहायकांना विचारा आणि त्या दिवशी चार शेतकरी तिथे उभे राहा. पाहता येतं, सही करता येते. बहुतेक ठिकाणी कोणी जातच नाही, आणि मग आकडा आला की ओरड होते.

---

कांदाचाळ यांचं उत्तर:

कांदा घाईने मोडू नका. ६९ दिवसांचा कांदा म्हणजे गाठ फुगायला लागलेली आहे, आणि नेमकं याच टप्प्यात पातीचं नुकसान सर्वात महाग पडतं, कारण फुगवण पातीतल्याच अन्नावर होते. पण मोडलेली पात आणि मेलेला कांदा यात फरक आहे.

वावरात पाच जागी एकेक मीटर ओळ घ्या. प्रत्येक रोपाचा गाभा बघा, म्हणजे मधली सर्वात कोवळी पात. गाभा हिरवा, ताठ, आणि चार तरी पाती बऱ्यापैकी उभ्या असतील तर ते रोप सावरतं. पात मधून वाकली पण चिरली नसेल तर तीही काम करते, ती तोडू नका. गाभाच पिळवटला असेल किंवा ओढल्यावर सहज हातात येत असेल तर ते रोप गेलं. मग पाच-सहा कांदे उपटून उभे चिरा. मानेखाली पाणचट, तपकिरी कडी दिसली आणि घाणेरडा वास आला तर जिवाणूची सड आत उतरली आहे. ती फवारणीने परत फिरत नाही. अशी रोपं उचलून बाहेर काढा. निम्म्याहून जास्त रोपांचा गाभा शाबूत असेल तर पीक ठेवा.

पहिलं काम फवारणी नाही, चर. वाफ्यात पाणी साचलं असेल तर आजच खालच्या बांधाला फोडून काढा. जमीन वाफशावर येईपर्यंत पाणी नाही. पाती कोरड्या झाल्या की, म्हणजे उद्या ऊन आलं तर दुपारनंतर, १० लिटरला मॅन्कोझेब २५ ग्रॅम आणि स्टिकर ६ मिली. कांद्याच्या पातीवर मेणासारखा थर असतो, स्टिकर नसेल तर थेंब ओघळून जमिनीवर पडतात. गारेच्या जखमेतून जांभळा करपा आणि काळा करपा दोन्ही शिरतात. दहा-बारा दिवसांनी ट्रायसायक्लॅझोल १० ग्रॅम किंवा हेक्झाकोनॅझोल १० मिली, तेवढ्याच पाण्याला आणि स्टिकरसह. त्याच वेळी फुलकिडे बघा. मोडलेल्या पातीच्या बेचक्यात ते लपतात.

युरिया टाकून पात परत आणायचा मोह होतो. साठ दिवसांच्या पुढे नत्र दिलं की मान जाड राहते, कांदा पोसायच्या ऐवजी पात वाढते, आणि असा कांदा चाळीत दोन महिनेही निघत नाही. फार तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत एकदा, लिटरला ५ ग्रॅम, पानांवरून.

काढणीची खूण या वर्षी बदलेल. एरवी निम्म्या माना पडल्या की काढणी. गारांनी पात आधीच पाडली आहे, म्हणून ती खूण फसवेल. कांदे उपटून मान चिमटीत धरून बघा, मऊ पोकळ लागली तरच तयार. काढल्यावर आपण एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकून तीन दिवस सुकवतो. इथे झाकायला पातच उरलेली नसेल, उघड्यावर ठेवलं तर कांदा भाजतो. म्हणून थेट सावलीत न्या, पातळ थर लावा, मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापा आणि दहा-बारा दिवस सुकू द्या. तरीही गारेचा कांदा चाळीत भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक सडका कांदा खालच्या थरात गेला की वरून कळत नाही, कळतं तेव्हा चाळीच्या फटीतून पाणी गळत असतं. हा माल आधी विका. चाळीत गार न लागलेल्या प्लॉटचा भरा.

हरभऱ्याचे ढीग आजच मोडा. भिजलेला ढीग आतून तापतो, घाट्यात दाणा काळवंडतो आणि कोंब फुटतो. वरून ताडपत्री घट्ट झाकणं सर्वात वाईट. ढग असले तरी पेंढ्या बांधावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरा आणि दुपारी एकदा पालथ्या करा. ताडपत्री जवळ ठेवा, पण सरी आल्यावरच ओढा आणि थांबल्यावर लगेच काढा. मळणी दाणा दाताखाली कडक वाजल्यावरच. पुढच्या वर्षीचं बियाणं यातून धरू नका.

गहू उभा करून पेंढ्या बांधायचा खटाटोप नको. चिकातला लोळलेला गहू दोन-तीन दिवसांत वरच्या कांड्यातून थोडा उठतो, माणसांनी तुडवला की तेवढाही उठत नाही. पाणी पूर्ण बंद. हार्वेस्टरला लोळलेला गहू नीट उचलता येत नाही, ओंब्या खाली राहतात, तेव्हा अर्ध्या एकराला विळ्याने सोंगणी धरून चाला.

---

पश्चिमवारा यांचं उत्तर:

पुन्हा गारा येतील का, तर शक्यता धरूनच काम लावा. कारण समजलं की अंदाज वाचता येतो.

हिवाळ्याच्या शेवटी भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतातून पुढे जातात. त्यातल्या एखाद्याचा वरच्या हवेतला पट्टा दक्षिणेकडे लांब लोंबतो आणि महाराष्ट्रावर थंड, कोरडी हवा आणतो. त्याच वेळी खाली बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारा शिरतो. फेब्रुवारीअखेर जमीन दुपारी चांगली तापते. खाली ऊब आणि ओल, वर कडक थंडी असं झालं की ढग तासा-दीड तासात उंच चढतो. आपल्याकडे या दिवसांत गोठणरेषा (जिथून वर तापमान शून्याखाली जातं ती उंची) साधारण ४ ते ५ किलोमीटरवर असते. त्यावर उणे १० ते उणे ३० अंशांच्या पट्ट्यात गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर चिकटत जातात. वर चढणारा वारा जितका जोरदार, तितका वेळ गार हवेत तोलली जाते आणि तितकी मोठी होते. मे महिन्यात वादळं होतात, पण गोठणरेषा आणखी वर सरकते आणि खालची हवा तापलेली असते, त्यामुळे बरीच गार जमिनीवर येईपर्यंत विरघळते. फेब्रुवारी-मार्चची गार पूर्ण आकाराने खाली येते, आणि नेमकं तेव्हाच द्राक्ष, कांदा, गहू, आंबा सगळं उघड्यावर असतं.

विक्षोभ एकामागोमाग येतात, दोघांत चार-सहा दिवसांचंही अंतर असू शकतं. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपिटीचे फेरे येतच राहिले. ज्यांनी पहिल्या फेऱ्यानंतर सोंगलेलं पीक वावरात तसंच ठेवलं, त्यांचं ते दुसऱ्यात गेलं. म्हणून हरभऱ्याबद्दल वर जे सांगितलं आहे ते आजच करा.

बघायचं काय? हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाच दिवसांचा असतो. त्यात पिवळा रंग आणि "वादळी पाऊस" एवढंच असेल तर तयारी ठेवा, नारंगी आणि "गारपीट" असा शब्द असेल तर सोंगणी थांबवा आणि सोंगलेलं झाका. त्याहून उपयोगी म्हणजे पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा, जो दुपारी १ नंतर दर तासाला बघावा. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत अ‍ॅपवर मिळतो. रडारचं चित्र बघता येत असेल तर ५५ डीबीझेडच्या (ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचं माप) पुढचा लाल-जांभळा ठिपका आपल्या दिशेने सरकतोय का, ते पाहा. एवढा परतावा नुसत्या पावसाने क्वचित येतो.

आणि वीज. दामिनी अ‍ॅपवर आसपास पडलेल्या विजा दिसतात. चमक आणि गडगडाट यात ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर द्राक्षबागेतून बाहेर पडा. तारांचं जाळं आणि लोखंडी अँगल यांच्यामध्ये उभं राहणं झाडाखाली थांबण्याइतकंच धोक्याचं. कैची लावणाऱ्या बायकांना हे मुकादमाने सकाळीच सांगून ठेवलं पाहिजे.

गारा फोडणाऱ्या तोफांची जाहिरात दर वर्षी या दिवसांत फिरते. त्यामागे शास्त्रीय आधार नाही, जागतिक हवामान संघटनेनेही तसंच म्हटलं आहे. तो पैसा गारपीटरोधक जाळीत घाला. जाळी बसवताना तिला उतार द्या आणि दोन ओळींच्या मध्ये गारा खाली पडायला फट ठेवा. सपाट ताणलेल्या जाळीवर गारा साचल्या की त्यांच्या वजनाने जाळी सांगाड्यासकट बसते.

---

गोदाकाठ:

सगळ्यांचे आभार. फोटो काढले, सूचना नोंदवली, गारपिटीचा हप्ता पावतीवर आहे. पूर्वेची आणि मधली ओळ राखून ठेवायची होती, पण सातबारा यांनी सांगितल्याप्रमाणे पश्चिमेची आणि मधली राखली. मोजणी अशी निघाली: पश्चिमेच्या १४ ओळींत सरासरी ३५ ते ४० टक्के मणी लागलेले, बाकी बागेत ८ ते १२ टक्के. पश्चिमेचा माल बेदाण्याला टाकता येईल का? आणि ओलांड्यावर (तारेवर आडव्या नेलेल्या वेलीच्या फांदीवर) वरच्या बाजूने साल उडाली आहे, लाकूड दिसतंय.

---

मोरचूद:

मोजणी स्पष्ट आहे. बाकी बागेत दोन फेऱ्या कैची, मजूर तिकडेच लावा. पश्चिमेच्या १४ ओळींत मणी कापायला मजूर घालू नका.

बेदाणा १६ ब्रिक्सला परवडत नाही. हिशेब सोपा आहे. बेदाण्यात ओलावा साधारण १५ टक्के राहतो. १६ ब्रिक्सच्या द्राक्षाला एक किलो बेदाण्यामागे सव्वापाच-साडेपाच किलो माल जातो, २२ ब्रिक्सला चार किलोच्या आत. शिवाय पातळ सालीचा, चपटा बेदाणा होतो आणि मार लागलेला मणी काळा पडतो, म्हणजे प्रतवारीत खाली. तेव्हा पाहणीसाठी राखलेली ओळ सोडून त्या ओळींतले जास्त लागलेले घड आजच काढून टाका, झाडावर निम्मे किंवा त्याहून कमी ठेवा. एका घडाला पोसायला साधारण १५-१६ चांगली पानं लागतात, तुमची पानं चिरली आहेत, म्हणून तेवढेच घड पिकतील. ते २० ब्रिक्सच्या पुढे गेले तर मग बेदाण्याचा विचार. त्या वेळी १०० लिटर पाण्याला पोटॅशियम कार्बोनेट अडीच किलो आणि डिपिंग ऑइल दीड लिटर, घड दोन ते चार मिनिटं बुडवायचे. कुजलेला एकही मणी द्रावणात जाऊ देऊ नका, पूर्ण टाकी आंबते.

पुढच्या आठवड्यात बगलफुटी (पानांच्या बेचक्यातून येणाऱ्या नव्या फुटी) जोरात निघतील. घडावर सावली धरणाऱ्या राहू द्या, बाकीच्या खुडा. कोवळ्या पानावर भुरी (पांढरट बुरशी) आधी बसते, आणि ढगाळ हवेत ती तिथून मण्यावर येते.

ओलांड्याची जखम आत्ता नुसती कोरडी होऊ द्या. काढणी झाली की लगेच, खरड छाटणीची (काढणीनंतर करायच्या छाटणीची) वाट न बघता, सुटलेली साल चाकूने निरोगी सालीपर्यंत साफ करा आणि बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवा, चुना विरजून गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी त्यात ढवळत ओता. लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर द्रावण आम्ल आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. त्याच दिवशी संपवा.

खरड छाटणी मात्र घाईने करू नका. पानं फाटल्यामुळे या वर्षी खोडात आणि ओलांड्यात अन्नसाठा कमी जमलेला असणार. काढणीनंतर पाणी आणि खत चालू ठेवून उरलेली पानं किमान १५ ते २० दिवस हिरवी टिकवा, मगच छाटा. नाहीतर ओलांड्यावर मागे-पुढे फुटी निघतात, मधे मोकळी जागा राहते, आणि ऑक्टोबरला तिथे काडीच मिळत नाही. पश्चिमेच्या १४ ओळी शेवटी छाटा. छाटण्याआधी ओलांडा नखाने चार जागी खरवडून बघा, सालीखाली हिरवं ओलं असेल तर तो जिवंत आहे. तपकिरी कोरडं लागलं तर तेवढा भाग कापून मागच्या जोमदार फुटीवरून नवा ओलांडा काढायचा, म्हणून त्या जागेजवळची एक सरळ काडी आत्ताच बांधून ठेवा.